गप्प असलेल्याला आधी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

प्रिय कय्युम,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस. बोटं शाबूत आहेत, मर्जी नाही. म्हणून हे कागदी पत्र. कागदावर निळ्या खुणा येत नाहीत, त्यामुळे तू वाचलंस असं मी बिनधास्त समजू शकतो.

बजाजनगरचा पत्ता गजालाकडून घेतला. पॅरामेडिक पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी आठवड्यातून दोन तास शिकवतो. ही हुशार, भांडखोर मुलगी तुझी आहे हे मला हजेरीपटावरच्या आडनावावरून कळलं. तिनं स्वतःहून सांगितलं नाही. पत्ता मागितला तर म्हणाली, "देते सर, पण अब्बा जवाब देतील याची गॅरंटी नाही." बापाचं वर्णन मुलीनं इतक्या थोडक्यात करावं, हे सूत्रकारांनाही जमलं नसतं.

काम असं आहे. कॉलेजची स्मरणिका निघतेय आणि त्यात रुग्णवाहिका सेवेचा इतिहास मी लिहायचा आहे. शीर्षक प्राचार्यांनी आधीच ठरवलंय, 'बाजेपासून व्हेंटिलेटरपर्यंत'. सुरुवात मी बाजेपासूनच केली. चार माणसं बाज खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत यायची आणि येईल त्या ट्रकला हात करायची. आमच्या आयुर्वेदात चिकित्सेचे चार पाय सांगितलेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ राहणारा. मी लिहिलंय की ते चार खांदेकरी हे या मुलखातले पहिले उपस्थाते. वाक्य बरं जमलंय, तू हसशील.

मग कडुबाची मॅटाडोर. पांढरा रंग, लाल क्रॉस, आत एक स्ट्रेचर आणि ऑक्सिजनचं एक नळकांडं, त्याची चावी कायम हरवलेली. येताना बाळंतीण, जाताना सिमेंटच्या गोण्या. कडुबाला नाडी बघता येत नव्हती, पण शहरातला कोणता डॉक्टर दुपारी झोपतो आणि कोणता दार उघडतो हे त्याला पाठ होतं. १९९३ साली तेच वैद्यकीय ज्ञान होतं.

आणि मग २००४, आपल्या ट्रस्टची गाडी, मी डॉक्टर, तू चालक. तिचा फोटो माझ्याकडे नाही, तुझ्याकडे असेल. पाठव.

आणखी एक किरकोळ गोष्ट. तुझा पॅरामेडिक नोंदणीचा अर्ज छाननी समितीकडून माझ्याकडे आलाय. पदवी नसलेल्या जुन्या माणसांना सोबत काम केलेल्या डॉक्टरनं दहा वर्षांच्या रुग्णसेवेचा दाखला दिला तर नोंदणी मिळते, आणि तुझ्या कंपनीला ते प्रमाणपत्र ३१ मार्चच्या आत हवंय, नाहीतर तुला प्रथमोपचाराच्या खोलीतून उठवणार, असं त्यात आहे. दाखला देतो. त्यात काय एवढं.

संक्रांत आहे. तिळगूळ पोस्टात भुगा होतो म्हणून पाठवत नाही. गोड बोलण्याचं तू बघ.

तुझा,
इंद्रजीत


२ फेब्रुवारी २०२५

कय्युम,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतं हे बघून बरं वाटलं. मजकूर एक ओळ: "साहेब, बिडकीन रोडच्या केसमधी पेशंट कुणी उचलले ते लिहिणार का?" फोटो नाही, सलाम नाही. अक्षर मात्र सुधारलंय.

लिहिणार, अर्थातच. लिहून झालंय. तुझ्यासाठी उतरवतो:

"११ मे २००९ रोजी सकाळी बिडकीन रस्त्यावर मजुरांचा टेम्पो उलटला. अकरा जखमी, रुग्णवाहिका एक. ट्रस्टच्या पथकानं घटनास्थळीच जखमींची वर्गवारी केली. मोठ्यानं ओरडणाऱ्या रुग्णाला थांबवून, निपचित पडलेल्या सारजाबाई या मजूर स्त्रीला प्रथम हलवण्यात आलं आणि तिचे प्राण वाचले. या भागात शास्त्रोक्त वर्गवारीचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण मानता येईल."

'पथकानं' हा शब्द मी मुद्दाम घातला. त्यात तू आलास.

आता तू म्हणशील, पथक म्हणजे किती माणसं होती साहेब. या बाबतीत कागदपत्रं काय सांगतात तेवढंच इतिहासकार सांगू शकतो. केसपेपरवर सही माझी आहे. सगळ्याच केसपेपरवर माझी आहे. कारण तुलाही ठाऊक आहे, आणि ते काही आपल्याच गाडीवर चालत नव्हतं. गाडीवर डॉक्टर हवा असा नियम, आणि गाडीच्या डॉक्टरला घरही चालवायचं. मी सोमवारी पन्नास कोऱ्या फॉर्मवर सह्या करून द्यायचो आणि गारखेड्यात दवाखाना उघडायचो. अडलं तर तू फोन करायचास. ती एक सोय होती. कुणाचं वाईट झालं नाही, उलट तू शिकलास. २००६ च्या आठ दिवसांच्या प्रशिक्षणात आम्ही डॉक्टर लोक मागच्या रांगेत चहा पीत होतो आणि तू एकटा त्या रबरी बाहुलीच्या छातीवर दुपारभर दाब देत बसला होतास. शेवटी मास्तर म्हणाले, "अहो भाई, ती जिवंत झाली, सोडा आता." प्रमाणपत्र फक्त आम्हालाच मिळालं, कारण चालकासाठी छापलेलंच नव्हतं.

२०२० च्या दाखल्याबद्दल तुझ्या मनात अजून आहे, हे एका ओळीच्या कार्डावरूनही कळतं. गाडी बंद झाली तेव्हा तू अनुभवाचा दाखला मागितलास. मी लिहिलं, "चालक व मदतनीस, प्रामाणिक, वक्तशीर." तू फाटकात उभं राहून वाचलंस, घडी घातलीस, आणि त्यानंतर आजवर माझ्याशी बोलला नाहीस. पण सांग, त्यात खोटं काय होतं? तू वक्तशीर नव्हतास?

या वेळच्या दाखल्यात 'रुग्णांना हाताळण्यास मदत केली' असं घालीन.

इंद्रजीत


२३ फेब्रुवारी २०२५

कय्युम,

तुझ्याकडून काही आलं नाही. आलं ते तुझ्या मुलीकडून, तेही भर वर्गात.

परवा मी वर्गवारी शिकवत होतो. पंधरा वर्षं त्या धड्यात एक वाक्य म्हणत आलोय. मुलं ते वहीत चौकट करून लिहितात. "ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प असलेल्याकडे आधी जा." म्हणालो, आणि गजालानं हात वर केला.

"सर, हे वाक्य तुमचं आहे?"

"अनुभवाचं आहे," मी म्हणालो. असं उत्तर दिलं की बहुतेक मुलं हात खाली घेतात.

"माझे अब्बा हेच म्हणतात. मी लहान असल्यापासून. घरात कुणी रडायला लागलं की अम्मीला म्हणतात, जो चिल्ला रहा है उसको छोड़, चुप वाले को देख."

वर्ग हसला. मीही हसलो. मग ती म्हणाली, "बिडकीन रोडला तुम्ही गाडीत होता का सर?" सरळ विचारलं, कुणी बसची वेळ विचारावी तसं. मी घड्याळाकडे बघितलं आणि तास संपल्याचं सांगितलं. तास संपायला बारा मिनिटं होती.

तेव्हापासून मला ती सकाळ नीट आठवते, म्हणजे अशी की लिहिल्याशिवाय जाणार नाही. तू ते जाणतोस, पण मी ते कधी कागदावर उतरवलेलं नाही, म्हणून उतरवतो.

मी दवाखान्यात होतो. समोर एक बाई पित्ताचा त्रास सांगत होती. तुझा फोन आला. मागं इतका कालवा होता की आधी मला वाटलं तू एखाद्या वरातीत आहेस. तू म्हणालास, "साहेब, अकरा हैत. गाडी एकच हाय. कुणाला घेऊ?"

मी म्हणालो, "जो जास्त ओरडतोय त्याला घे."

इतकंच. पित्ताच्या बाईला मी हातानं थांब म्हणून खूण केली होती, तो हातही मी खाली घेतला नव्हता. तू म्हणालास, "जी," आणि फोन ठेवलास.

आणि माझं ऐकलं नाहीस. मांडी मोडलेला पुंजाराम आकाशपाताळ एक करत होता, त्याला तू फळकुट बांधून रस्त्याकडेला ठेवलंस. सारजाबाईकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, तिला उचललंस. जीभ मागं गेली होती, तू जबडा धरून श्वासाची वाट घाटी रुग्णालयापर्यंत मोकळी ठेवलीस. स्टेअरिंगवर कोण होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्या फेरीला परत गेलास तेव्हा पुंजारामच्या भावांनी तुला मारलं. ओठ फुटला होता. मी संध्याकाळी विचारलं तर म्हणालास, "दार लागलं साहेब."

माझं ऐकलं असतंस तर बाई रस्त्यावर गेली असती, आणि केसपेपरवर सही माझीच असती. तू ऐकलं नाहीस म्हणून पंधरा ऑगस्टला शाल मला मिळाली. तू खाली गाडीपाशी उभा होतास. भाषणात मी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. तू आदल्या आठवड्यात गाडी धुता धुता मला ते सांगितलं होतंस.

'पथकानं' हा शब्द मी खोडलाय. त्या जागी काय लिहू ते ठरत नाही.

इंद्रजीत


१६ मार्च २०२५

कय्युम,

शुक्रवारी मी न कळवता तुझ्या कंपनीत आलो, त्याबद्दल माफी मागत नाही. कळवलं असतं तर तू सुट्टी टाकली असतीस.

तुझी खोली बघितली. एक कॉट, एक कपाट, भिंतीवर तू हातानं काढलेलं चित्र, बोट कापलं तर कुठं दाबायचं. प्रेस मशीनवरच्या एका पोराच्या तळहातातून पत्र्याचा तुकडा काढत होतास. तो ओरडत होता आणि तू त्याला त्याच्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते विचारत होतास. मला बघून म्हणालास, "बसा साहेब. तुम्हाला कुठं लागलंय?"

चांगला टोला होता. घरी येईपर्यंत जाणवत राहिला.

मी सांगितलं की मदतनीस वगैरे लिहून समितीत भागणार नाही. त्यांना रुग्णसेवा हवीय, आणि कागदोपत्री तुझी रुग्णसेवा शून्य, कारण ती सगळी माझ्या नावावर आहे. खरं लिहायचं तर मी गाडीत नसायचो हे लिहावं लागेल. तू पट्टी बांधत राहिलास. मग म्हणालास, "मग लिवा ना."

"माझी नोंदणी जाऊ शकते."

"जाऊ शकते," तू म्हणालास. त्यात राग नव्हता. मी दचकलो ते त्यामुळेच. "माझी तर अजून आलीच नाय साहेब."

मग बराच वेळ तू त्या पोराला सांगत होतास की पाणी लागू देऊ नको. मी जायला उठलो तेव्हा म्हणालास, "रोजा हाय, नायतर चहा पाजला असता." बाहेर फाटकापर्यंत आलास. मी गाडीत बसल्यावर काचेवर टकटक केलीस आणि विचारलंस, "पोरगी कशी हाय वर्गात?" मी म्हणालो, पहिली येईल. तू मान हलवलीस, आणि मला वाटलं आपल्यात काहीतरी मिटलं. हे माझं वाटणं होतं, तुझ्यावर ते बंधनकारक नाही.

प्रतिज्ञापत्र काल केलं. शंभर ओळींचं झालं होतं, वकील म्हणाला एवढं संस्कृत समितीला झेपणार नाही. चौदा ओळी ठेवल्या. २००४ ते २०२० या काळात मी गाडीवर बहुतांश वेळ हजर नव्हतो. केसपेपरवरच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर आधीच केलेल्या होत्या. रुग्णसेवा कय्युम यांनी केली. ११ मे २००९ चा निर्णय त्यांचा, माझ्या सूचनेविरुद्ध घेतलेला, आणि बरोबर होता. सही एका फटक्यात झाली. पन्नासाच्या गठ्ठ्यांची सवय.

गुरुवारी, २० तारखेला, दुपारी तीन वाजता सुनावणी आहे. तुलाही बोलावलंय. चांगला शर्ट घाल. माझ्यासारख्यांना कपड्यांवरून माणूस ओळखायची खोड असते.

इंद्रजीत


६ एप्रिल २०२५

कय्युम,

ईदला फोन केला होता. असो.

सुनावणीच्या गुरुवारी काय झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहितो, कारण समितीचं इतिवृत्त परवा हाती आलं आणि त्यात ते नाही. इतिवृत्तात म्हटलंय, "डॉक्टरांनी स्मरणातील चूक मान्य करून प्रतिज्ञापत्र मागे घेतले."

तू पांढरा शर्ट घातला होतास, इस्त्रीचा. गजाला व्हरांड्यात बसली होती. अध्यक्ष मॅडमनी माझ्या चौदा ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि फार सभ्यपणे समजावलं. "डॉक्टर, हे खरं असेल तर तुमच्यावर कारवाई होईलच. पण या गृहस्थांनी पात्रता नसताना सोळा वर्षं उपचार केले असं त्यातून सिद्ध होतं. हा अनुभव धरता येत नाही, हा गुन्हा धरावा लागतो. फाईल पोलिसांकडे जाईल." मग तुझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं आहे?"

शिपायानं तुझ्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला होता. तू तो दोन बोटांनी जरा बाजूला सरकवलास. माझ्याकडे बघितलंस. मग पुन्हा ग्लासाकडे.

"मॅडम, साहेब गाडीतच असायचे," तू म्हणालास. "वय झालं, इसरतात. मी फकस्त गाडी चालवली."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, सुटल्यासारख्या. त्यांनी मला विचारलं, "मग डॉक्टर?"

मला न्यायशास्त्र शिकवणारे गुरुजी सांगायचे की मौन म्हणजे संमती, असं धरून चालू नका, आधी प्रसंग तपासा. मी प्रसंग तपासत बसलो. मनात म्हणालो, मी आता बोललो तर याच्यावर गुन्हा लागेल, मी याच्यासाठीच गप्प आहे. कारण अगदी निर्दोष होतं, आणि त्यात माझी नोंदणी, माझा दवाखाना, माझी शाल, सगळं अलगद बसत होतं. मी होकारार्थी मान हलवली. तेवढी पुरली.

तुझा अर्ज फेटाळला. शेरा: "रुग्णसेवेचा अनुभव आढळून येत नाही."

व्हरांड्यात गजालानं विचारलं, "क्या हुआ अब्बा?" तू म्हणालास, "हो गया. चल." मी तुझ्या मागं जिन्यापर्यंत आलो आणि म्हणालो की तू असं का केलंस. तू दोन पायऱ्या उतरला होतास. वळून म्हणालास, "माझ्यावर केस झाली तर पोरीला उद्या नोंदणीची सही कोण देईल साहेब?" आणि अजून एक पायरी उतरून, माझ्याकडे न बघता, "बोलून झाल्यावर मी जरा थांबलो होतो."

होतास. मला दिसलं होतं.

स्मरणिका छापून आली. बिडकीनचा परिच्छेद मी काढला. त्यामुळे प्रकरण कडुबाच्या मॅटाडोरवरून एकदम हल्लीच्या पदवीवर येतं. प्राचार्य म्हणाले, वाचताना कुठं अडखळायला होत नाही. पुढच्या वर्षीचे तास मी सोडलेत. गजालानं कारण विचारलं नाही.

हे पत्र खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. १ तारखेपासून तुला फाटकावर बसवलं, हे मला तुझ्या कंपनीतल्या आकाशरावांकडून कळलं. मनुष्यबळ विभाग तेच बघतात. त्यांनी फोन केला होता. तुझ्या खोलीसाठी नोंदणी असलेलं एक नाव हवंय. दर बुधवारी एक चक्कर, आठवड्याभराच्या वहीवर सह्या, बाकी काही नाही. "सर, तुमचा या क्षेत्रातला अनुभव मोठा आहे," असं म्हणाले.

मी नाही म्हटलं. हे तुला सांगावं म्हणून लिहायला बसलो होतो, आणि लिहिताना त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. तेवढ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. काही हरकत नाही सर, दुसरे डॉक्टर मिळाले, तेही आपले आयुर्वेदाचेच आहेत, बुधवारी येतील.

मी विचारलं, "आणि उरलेले दिवस खोलीत कोण बसणार?"

"त्याची काळजी नाही," ते म्हणाले. "फाटकावर एक भाई आहेत. त्यांना सगळं येतं."

इंद्रजीत